माझ्या मापाचा गाऊन

बोलण्यात मी कुणाला हार जाणारी बाई नाही. ब्लाउज टाकायला आलेली बाई माझ्या दुकानातून अर्धा तास तरी हलत नाही, आणि गावातल्या सगळ्या खबरी माझ्या मशीनपाशी बसूनच निवडल्या जातात. तरीसुद्धा ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, पोराला माहीत नाही. देवळात उभी राहते तेव्हा देवीपुढेही मी हा विषय काढत नाही — तिला ठाऊक असेल तर असो, मी आपणहून सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही इथले नाही म्हणून असेल. किंवा गेला महिनाभर मला एका जागी बसवत नाही म्हणून. मशीनवर बसते, उठते, पाणी पिते, परत बसते, दोरा ओवते आणि कशासाठी ओवला तेच विसरते.

चौलच्या अलीकडे, रेवदंड्याच्या रस्त्याला माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली, तिला शटर लावून घेतलंय. नवरा अलिबाग-रेवदंडा मिनीडोर रिक्षा चालवतो. मी ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, फॉल-पिको, पडेल ते करते. आमच्याकडे बायका अंगाचं माप देत नाहीत, मापाचा ब्लाउज देतात. जुना, नीट बसणारा, हुक तुटलेला एखादा ब्लाउज पिशवीत कोंबून आणतात आणि 'असाच शिव' म्हणून जातात. मला तोही लागत नाही. एकदा टेप लावली की ते माप माझ्या डोक्यात बसतं ते बसतं. 'तिचं माप कवा चुकायचं न्हाय' असं बायका एकमेकींना सांगतात, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. पुढे मी जे केलं ते याच कौतुकाच्या आड लपून केलं.

तर गाऊन. आमच्याकडे गाऊन म्हटलं की मॅक्सी — सकाळी दारात पाणी मारताना, मासळीवालीशी हुज्जत घालताना अंगात असते ती. तसले गाऊन मी ढिगानं शिवलेत. हा वेगळा. एका दुपारी मोबाइल बघत बसले होते आणि त्यात एक नटी दिसली, कसल्याशा बक्षीस समारंभाला आलेली, गाडीतून उतरून चालत जाणारी. तिचं नाव सांगून काय उपयोग? चूक तिची नव्हतीच. अंगात गडद हिरवा सॅटिनचा गाऊन. एका खांद्यावर पट्टी, दुसरा खांदा उघडा, आणि तिथून पायापर्यंत कापड नुसतं उतरलेलं. कुठे चुणी नाही, टक्स नाही, कमरेला जोड नाही. मागे हातभर घोळ जमिनीवर. ती वळली की कापड तिच्यामागून सावकाश वळत होतं. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते विचारू नका. त्या दिवशी भात करपला.

बाकीच्या बायका नटी बघतात, मी शिवण शोधत होते. बोटांनी चित्र मोठं करून करून पाहिलं आणि मग कळलं — उरेब. कापड सरळ न धरता तिरकं धरून कापलेलं. उरेब कापड अंगाबरोबर ताणतं आणि अंगावर बसतं. पण ते लबाडही असतं. कापलं आणि लगेच खालची पट्टी मारली, असं चालत नाही. दिवसभर लटकवून ठेवायचं, ते आपल्याच वजनानं खाली उतरतं, वाकडंतिकडं होतं, मग ते सारखं करायचं आणि मगच शिवायचं. हे सगळं मला येत होतं, पण उरेबच्या गळपट्ट्या सोडल्या तर एवढं मोठं काम मी कधी केलं नव्हतं. आणि मला ते करायचं होतं. कुणासाठी? खरं सांगू? स्वतःसाठी.

हसा खुशाल. मलाही हसू आलं होतं. मी तो घालून जाणार कुठे — रेशनच्या रांगेत? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, एक खांदा उघडा टाकून? पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. मी अंगानं काटकुळी. लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणायची, हिला दाराआड उभी केली तर घरात बाई आहे हे कळायचं नाही. साडीत मी काठीला गुंडाळल्यासारखी दिसते. आणि ती नटी — तिचं अंग माझ्यासारखंच होतं हो! तसेच खांदे, तशीच सपाट कंबर. फरक एवढाच की तिला बघायला माणसं उभी होती. मला कुणी थांबून बघावं असं मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि वाटलं ते इतकं जोरात की मला स्वतःची लाज वाटायला लागली.

मी काय केलं, तर दुपारी शटर अर्धं ओढून स्वतःच्या अंगाला टेप लावली आणि खाकी कागदावर त्या गाऊनचं कटिंग काढलं. नुसतं काढून बघू म्हणून. पुढचा भाग, मागचा भाग, घोळ. जुन्या चादरीवर ते एकदा कापूनही पाहिलं, चुकलं, परत काढलं. अशी एक पूर्ण दिवाळी गेली. गिऱ्हाइकांचे ब्लाउज उशिरा होत होते आणि मी कागद खोडत होते. शेवटी तो कागद असा जमला की बघतच राहावं. कापड मात्र घेतलं नाही. सॅटिन घ्यायचं ठरवलं असतं तर नवऱ्याला काय सांगणार होते?

आणि तेव्हा प्रणाली आली.

प्रणाली माझ्या थोरल्या जावेची मुलगी. घरं आमची भिंतीला भिंत लागून. मला काकी म्हणते, पण माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. भरल्या अंगाची पोर, लहानपणापासून तशीच. हसायची तर पलीकडच्या वाडीत ऐकू जायचं, नाचायला लागली की कुणाच्याही हळदीत डीजेसमोर पहिली. आणि जेवायची — देवा, काय जेवायची! तांदळाची भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात, वर सुक्या जवळ्याची चटणी, आणि परत 'काकी, तुझ्याकडे काय केलंय?' करत माझ्या स्वयंपाकघरात. तिचं लग्न उरणकडे ठरलं होतं. मुलगा चांगला, ट्रेलरच्या धंद्यातलं घर, रिसेप्शन मोठ्या लॉनवर. आमच्यात आता रिसेप्शनला नवरीला गाऊन लागतोच, बहुतेक जणी भाड्यानं आणतात. प्रणालीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. तीच नटी, तोच गाऊन. म्हणाली, "काकी, मना योच पायजे. भाड्याचा नको. तुझ्या हातचा."

पोर प्रेमानं मागत होती, माझ्या हातावर विश्वास टाकत होती, आणि माझ्या मनात काय आलं असेल? 'हा माझा आहे.' एवढंच आलं. तोंडानं म्हटलं, शिवेन की.

कापड आणायला आम्ही दोघी मांडव्याहून लाँचनं मुंबईला गेलो. पैसे तिच्या पगारातले. अलिबागला दाताच्या दवाखान्यात ती फोन घ्यायच्या टेबलावर बसायची. वडापाव खाताना तिनं आपले संपवून माझ्यातला अर्धा घेतला. दुकानात त्या माणसानं हिरवं सॅटिन थानावरून उलगडलं, आणि प्रणालीनं ते उचलून पहिल्यांदा माझ्या खांद्यावर टाकलं. आरशासमोर उभी केली मला. "बघ गो काकी, तुलाच शोभतंय!" म्हणाली आणि हसली. चेष्टेत नव्हती म्हणत. मनापासून म्हणत होती. त्या आरशातली बाई मी अजून विसरलेले नाही.

आता इथून पुढे मी हळू सांगेन.

तिचं माप मी नीट घेतलं होतं. तिच्याच घरी, तिची आई शेजारी वाल सोलत बसलेली असताना. ते डोक्यात पक्कं होतं, आजही आहे. घरी येऊन जमिनीवर चादर अंथरली, सॅटिन तिरकं पसरलं, चारी बाजूंनी टाचण्या लावल्या आणि वर माझा कागद ठेवला. नवीन कागद काढायला हवा होता खरं तर. पण मी स्वतःला म्हटलं, हाच ठेवू आणि कडेनं तिच्या मापाइतकं वाढवून खडू मारू. रोजचं काम आहे, त्यात काय? खडू हातात घेतला. आणि — इथे मी नेहमी अडखळते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथवर येते आणि पाणी प्यायला उठते.

विसरले, असं म्हणता येईल. लग्नसराई होती, कामाचा ढीग होता, कुणीही विसरेल. पण मी विसरले नव्हते. खडू कागदाच्या कडेला चिकटून चालला होता आणि मी तो चालताना बघत होते. हे माप कुणाचं आहे ते मला माहीत होतं. मध्ये एकदा थांबलेही. खडू झटकता येतो, परत काढता येतो, काही बिघडलेलं नव्हतं. त्या हिरव्या कापडावर माझं अंग आखलेलं दिसत होतं, खांदा, कंबर, सगळं. मग मी कात्री घेतली.

शिवला, लटकवला, उतरू दिला, सारखा केला. माझ्या हातून आजवर इतकं सुंदर काही झालेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, झालं होतं तसं सांगते. आणि मी तो घातला. नवरीचा कपडा नवरीच्या आधी कुणी अंगाला लावत नाही, एवढं मलाही कळतं. दुपारची वेळ, नवरा गाडीवर, शटर खाली. घातला आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले, वळले, परत वळले. कापड माझ्यामागून सावकाश वळलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं, तरी मी ओ दिली नाही. आनंद झाला होता मला. लाज नंतर वाटली, आधी आनंद झाला — हेही लपवून ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी प्रणाली ट्रायलला आली. डोक्यावरून गाऊन खाली घेतला, छातीपाशी अडकला, ओढून आणला, कमरेवर अडकला. मागची चेन मध्यावरच थांबली. दोन्ही बाजू जवळ यायचं नावच घेईनात. मी तिच्या मागे उभी, टाचण्या माझ्या दातांत. टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही, म्हणून मला तेवढा वेळ मिळाला. एकेक टाचणी काढून उशीला खोचत होते आणि विचार करत होते. त्या वेळात मी काहीही बोलू शकले असते. 'माझं चुकलं गो, मी कापताना चुकले' — एवढंच तर म्हणायचं होतं. ती रागावलीसुद्धा नसती. हसली असती, सगळ्या वाडीला सांगत सुटली असती की काकीचं माप चुकलं!

मी म्हटलं, "प्रणाली, सुटलीस गो तू."

ती आरशात बघत राहिली. "खरंच, काकी? पन माझे कपडे तर तसेच बसतायत."

"माझं माप कवा चुकलंय का?" मी म्हटलं.

बस. गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून मला जे कौतुक दिलं होतं ते मी त्या पोरीच्या अंगावर टाकलं. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, दंड चिमटीत धरून पाहिला. मी तिच्या डोळ्यांसमोर तिचं अंग तिला परकं करून टाकलं. मग हळू आवाजात तिनं विचारलं, कापड उरलंय का, बाजूला कळी घालून वाढवता येईल का. चांगला प्रश्न होता. कळी घालता आली असती. कापड उरलंही होतं, पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेलं. ब्लाउजला आत आम्ही माया ठेवतो, जास्तीचं कापड, बाई सुटली तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्या गाऊनला मी तीही ठेवली नव्हती, उरेब सॅटिनमधून ती वर दिसते. आणि कळी घातली असती तर तो गाऊन तसा पडला नसता. शिवाय कळी घातलेली दिसली असती, म्हणजे माझी चूकही दिसली असती. मी म्हटलं, कापड नाही उरलं. लग्नाला वेळ आहे, थोडं तोंड आवर.

तिनं तोंड आवरलं. म्हणजे खाणंच सोडलं.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू. दुपारी काकडी. भाकरी बंद, भात बंद, मासे फक्त उकडलेले. पोपटीचे दिवस होते, वाडीत रोज कुणाच्या तरी आवारात शेंगा भाजायची मडकी लागत होती. भांबुर्डीच्या पाल्याचा वास, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, सगळी पोरं गोल करून बसलेली. आणि या सगळ्यात सगळ्यांच्या पुढे मडक्यात हात घालणारी प्रणाली लांब खुर्चीवर बसून मोबाइल बघायची. तिची आई, माझी जाऊ, माझ्याकडे येऊन रडकुंडीला यायची. "पोर काय खाईत न्हाय गो. तूच सांग तिला, तुझा ऐकते ती." मी काय सांगितलं असेल? म्हटलं, लग्नाच्या आधी सगळ्याच मुली असं करतात. आणि घरात येऊन उभ्या उभ्या भांडी घासत राहिले.

बायका तर तिचं कौतुकच करायला लागल्या होत्या — काय बारीक झालीस, चेहरा कसा निघालाय! ती हसायची, पण ते हसणं पलीकडच्या वाडीत काय, पडवीतसुद्धा ऐकू जात नव्हतं. अधूनमधून माझ्याकडे यायची, गाऊन घालून बघायची. चेन थोडी वर जायची. परत जायची. दर वेळी मला वाटायचं, आज सांगते. पेटी उघडते, कापड काढते, सांगते. तिची पाठ माझ्याकडे असायची, मणके मोजता येतील इतकी वाळलेली. मी चेन खाली ओढायची आणि म्हणायची, अजून थोडंच राहिलंय.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात कासार बांगड्या भरत होता. प्रणालीचा हात त्याच्या हातात, बायका गाणी म्हणत होत्या, आणि ती बसल्या जागी कलंडली. एक बांगडी फुटली. जावेनं किंकाळी फोडली. पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा पोरीनं डोळे उघडले. पण सगळ्यांच्या मनात फुटलेली बांगडीच राहिली. नजर लागली म्हणाल्या. काढा दृष्ट. आणि मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या कुणाच्या हातात दिल्या? माझ्या. काकी ना मी.

मी ओवाळली. सगळ्यांच्या देखत तिच्यासमोर उभी राहून, मूठ तिच्या डोक्यावरून पायापर्यंत आणत, मोठ्यानं म्हणत होते — आल्यागेल्याची, पाहुण्यासोयऱ्याची, घरच्यादारच्याची नजर असेल ती जळून जाऊ दे. 'घरच्या' हा शब्द मी भरभर उरकला. कुणाला कळलं नाही. मिरच्या चुलीत टाकल्या. आमच्यात मानतात, मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर होती. सगळ्यांनाच ठसका लागला, मांडवभर खोकला सुरू झाला, पदर नाकाला लावून बायका बाहेर पळाल्या. जाऊ डोळे पुसत म्हणाली, "नजर न्हाय, अशक्तपणा हाय." आणि तुम्हाला सांगते, मला हायसं वाटलं. चुलीनंसुद्धा माझं नाव घेतलं नाही म्हणून हायसं वाटलं! तेव्हाच, तिथेच, त्या धुरात मला कळलं की मी कसली बाई आहे.

रिसेप्शनला गाऊन तिला बसला. चेन वरपर्यंत गेली, मीच लावली. ती लॉनवर चालत आली तेव्हा तिच्या सासरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, कुठून आणला, मुंबईहून का? प्रणालीनं बोट दाखवलं माझ्याकडे. सगळ्यांनी वळून मला पाहिलं. थांबून पाहिलं. मला जे हवं होतं ते मिळालं, म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मला कामाला तोटा पडला नाही. अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या नवऱ्या येतात, मला आता गाऊनवाल्या काकी म्हणतात. दुसरं मशीन घेतलं, दुकानाला पाटी लावली. प्रत्येक नवरीचं माप मी परत परत घेते, आत माया ठेवते, दिसली तरी ठेवते. त्यानं काही भरून निघत नाही हे मला कळतं.

आणि प्रणाली? सुखात आहे, नवरा चांगला आहे, घर मोठं आहे. फक्त ती जेवत नाही. म्हणजे जेवते, पण ताटातलं अर्धं बाजूला सारून, भाकरीचा चतकोर मोडून. कुणी आग्रह केला तर म्हणते, माझं अंग लगेच सुटतं. हे तिला कुणी सांगितलं? तिच्या अंगानं तर कधीच सांगितलं नव्हतं. बाळंतपणानंतर डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, खा म्हणून बजावलं, तरी नाही. नाचतही नाही आता. आणि सगळ्यात वाईट काय, तर ती माझे आभार मानते. चारचौघांत सांगते, "काकीनं येळेवर सांगितलं म्हणून, न्हायतर मी कुठच्या कुठं गेले असते. बाकी सगळी तोंडावर गोड बोलायची." मी पानात बघत बसते. आणि पुढचा घास घेते.

गेल्या महिन्यात ती माहेरी आली होती. दुपारी दुकानात आली, हातात पिशवी, पिशवीत तो गाऊन. नणंदेच्या लग्नात परत घालायचाय म्हणाली. घालून दाखवला. कमरेत सैल झाला होता, खांद्यावरून घसरत होता. "आटव गो काकी," म्हणाली, आणि आरशात बघताना तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिकडे बघवेना. माझ्या मापाचा गाऊन, आणि आता मी त्याहूनही लहान करणार. नाही म्हणू शकले असते. खरं सांगू शकले असते. दुकानात तिसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. मी टाचण्या लावल्या.

तिची मुलगी बरोबर होती. पहिलीला जाते. आईसारखी भरल्या अंगाची, गोबरी, माझ्या बटणांच्या डब्यात हात घालून बसलेली. प्रणालीनं तिला हाक मारली, माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाली, "हिचाही माप बघ ना, काकी. मना वाटतं ही सुटत चाललीय. तुझ्या टेपला कळंल."

मी टेप तिच्या पोटाभोवती नेली. टेप अंगाला लागायच्या आधीच पोरीनं पोट आत ओढून घेतलं, गाल फुगवून, श्वास धरून, नजर आईवर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती बघून शिकली होती. मी आकडा वाचला. "ठीक आहे," म्हटलं, "वयाच्या मानानं ठीक आहे." एवढंच म्हटलं. टेप काढून घेतली, गळ्यात अडकवली.

आई दुसरीकडे बघेपर्यंत त्या पोरीनं श्वास सोडला नाही.